पान जिथे आधी पूर्ण होतं

लेसर प्रिंटर पानाच्या मध्यावर थांबू शकत नाही. डॉट मॅट्रिक्सला ते सहज जमतं. एक ओळ मारून झाली की त्याचं हेड जागच्या जागी थांबतं, संगणकाकडून पुढची ओळ येईपर्यंत हवा तेवढा वेळ वाट बघतं आणि तिथूनच पुढे सुरू होतं. लेसर प्रिंटरमध्ये मात्र रोलरने ट्रेमधला कागद एकदा उचलला की सगळं एका लयीत चालू होतं. ड्रम फिरत असतो, बहुकोनी आरसा गरगरत असतो, त्या आरशावरून परतणारा लेसरचा किरण ड्रमवर एकामागून एक रेघ ओढत असतो. किरण पडेल तिथे टोनर चिकटतो, ड्रमवरून कागदावर उतरतो आणि सुमारे २०० अंश सेल्सिअस तापलेला फ्युझर त्याला वितळवून कागदात पक्का करतो. या साखळीतली एक कडी क्षणभर अडली तरी पानावरचं चित्र तुटतं.

म्हणून कागद हलण्याआधी प्रिंटरला दोनपैकी एका गोष्टीची खात्री लागते. एक तर सगळं पान तयार असलं पाहिजे, किंवा किरण जिथे पोचणार आहे तिथली पट्टी तो पोचण्याआधी नक्की तयार होणार असली पाहिजे. ही खात्री देते प्रिंटरच्या आतली मेमरी. जुन्या लेसर प्रिंटरची मेमरी वाढवणं हे छोटंसं, तासाभरात होणारं काम आहे. पण ते का करायचं हे नीट कळलं, की हे यंत्र घडवणाऱ्यांनी कसा विचार केला होता तेही कळतं. ह्यूलेट-पॅकार्डच्या लेसरजेट ४ घराण्यात ही गोष्ट सर्वांत स्वच्छ दिसते, म्हणून हा परिचय मुख्यतः त्याचा आहे.

एका पानाचा हिशेब

एफोर पान इंचाला ३०० ठिपक्यांनी छापायचं तर आडवे २४८० आणि उभे ३५०८ ठिपके होतात, म्हणजे सुमारे ८७ लाख. काळ्या-पांढऱ्या छपाईत प्रत्येक ठिपक्याला एक बिट पुरतो आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे एका पानाचं पूर्ण चित्र साठवायला एक एमबीहून थोडी जास्त जागा लागते. ठिपके इंचाला ६०० केले की आडवे आणि उभे दोन्ही दुप्पट होतात. एकूण संख्या ३ कोटी ४८ लाखांवर जाते आणि जागा लागते सव्वाचार एमबीच्या आसपास. १२०० ठिपक्यांना तीच गरज १७ एमबीच्या घरात पोचते. ठिपक्यांची दाटी दुप्पट झाली की मेमरी चौपट लागते, हा हिशेब पुढच्या सगळ्या गोष्टीच्या मुळाशी आहे.

हा आकडा किती मोठा होता ते कळण्यासाठी थोडं मागे जायला हवं. लेसर प्रिंटरची कल्पना झेरॉक्स कंपनीतल्या गॅरी स्टार्कवेदर यांची. न्यूयॉर्क राज्यातल्या वेबस्टर इथल्या प्रयोगशाळेत त्यांनी तिच्यावर काम सुरू केलं. १९७१ साली ते कॅलिफोर्नियात पालो आल्टोला, झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात आले आणि तिथे त्यांनी झेरॉक्स ७००० या कॉपियरला लेसर जोडला. त्यांचं यंत्र इंचाला ५०० ठिपके देत होतं आणि सेकंदाला एक पान काढत होतं. त्याचं लेटर आकाराचं एक पान म्हणजे २ कोटी ३४ लाख बिट. एवढं पान अख्खं मेमरीत ठेवणं त्या काळात परवडणारं नव्हतं. मग पार्कमधल्याच बटलर लॅम्पसन आणि रॉन रायडर यांनी अक्षरं तयार करणारं एक वेगळं यंत्र बांधलं. अक्षरांचे आकार ते जवळ बाळगायचं आणि किरण जसजसा पुढे सरके तसतसे त्या-त्या जागेचे ठिपके पुरवायचं. पंगतीत वाढप्याला जेवणाऱ्याच्या एक पाऊल पुढे राहावं लागतं, तशी ही धावपळ होती. लेसर प्रिंटरच्या जन्मापासूनच त्याची खरी अडचण प्रकाशाची नव्हती. किरणाला वेळेवर ठिपके पुरवायचे कसे, हा प्रश्न होता.

१९७७ साली झेरॉक्सने ९७०० हा मोठा लेसर प्रिंटर बाजारात आणला. लेसर प्रिंटर टेबलावर आला तो कॅननच्या एलबीपी-सीएक्स या छोट्या इंजिनामुळे. याच इंजिनावर ह्यूलेट-पॅकार्डच्या आयडाहो राज्यातल्या बॉइसी इथल्या विभागाने १९८४ साली पहिला लेसरजेट काढला. मिनिटाला आठ पानं, इंचाला ३०० ठिपके, किंमत ३,४९५ डॉलर, आणि मेमरी १२८ केबी.

म्हणजे पूर्ण पानाच्या चित्राला जेवढी मेमरी हवी, तिच्या आठव्या हिश्शाएवढीच त्यात होती. तरी तो उत्तम चालला, कारण त्याच्याकडून अपेक्षा होती ती मजकुराची. साठ ओळींचं पान म्हणजे पाच-सहा हजार अक्षरखुणा, एवढंच त्याला लक्षात ठेवायचं होतं. अक्षरांचे आकार त्याच्या रॉममध्ये किंवा खाचेत बसवायच्या फॉन्ट कार्ट्रिजमध्ये पक्के असत. पूर्ण पानभर चित्र काढायचं झालं तर मात्र त्याला इंचाला ७५ ठिपक्यांवर उतरावं लागे. १९८५ च्या लेसरजेट प्लसमध्ये ५१२ केबी आले आणि संगणकावरून फॉन्ट पाठवून प्रिंटरच्या मेमरीत ठेवण्याची सोय झाली.

त्याच वर्षी अॅपलने लेसररायटर आणला, ६,९९५ डॉलरना. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ साली स्थापन केलेल्या अडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही पानवर्णनाची भाषा त्यात होती. पोस्टस्क्रिप्ट पान ठिपक्यांत सांगत नाही. इथे ही वक्ररेषा, तिथे हे अक्षर एवढ्या मोठेपणाने, असं सांगते आणि ठिपके करण्याचं काम प्रिंटरवर सोपवते. त्यामुळे लेसररायटरमध्ये दीड एमबी मेमरी आणि १२ मेगाहर्ट्झचा मोटोरोला ६८००० प्रोसेसर होता. ज्या मॅकिंटॉशला तो जोडायचा, त्यात तोच प्रोसेसर ८ मेगाहर्ट्झच्या आसपास चालत होता आणि मेमरी १२८ किंवा ५१२ केबी होती. छापणारं यंत्र लिहिणाऱ्या यंत्रापेक्षा ताकदवान होतं, कारण पान बनत होतं ते प्रिंटरच्या आत.

लेसरजेट ४

ऑक्टोबर १९९२ मध्ये लेसरजेट ४ आला. कॅननचं ईएक्स इंजिन, मिनिटाला आठ पानं, इंटेलच्या आय-९६० घराण्यातला प्रोसेसर, ४५ अंगभूत स्केलेबल फॉन्ट, त्यातले दहा ट्रू टाइप. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे इंचाला ६०० ठिपके. अक्षरांच्या तिरक्या आणि गोल कडा ज्यांनी ३०० ठिपक्यांत पाहिल्या होत्या, त्यांना हा फरक भिंगाशिवाय दिसत होता.

पण या प्रिंटरमध्ये मुळात बसवलेली मेमरी होती दोन एमबी. वरच्या हिशेबाने पूर्ण पानाला सव्वाचार लागते. ही कंजूषी नव्हती. मेमरी तेव्हा खरोखर महाग होती आणि बहुतेक कार्यालयांचं काम पत्रं आणि तक्ते छापण्याचं होतं. त्या कामाला दोन एमबी पुरत होते, कारण प्रिंटर पान पट्ट्यापट्ट्यांनी बनवत किरणाच्या पुढे राहू शकत होता. ज्याला जास्त हवी त्याने जास्त घ्यावी, म्हणून आत मोकळ्या खाचा दिल्या होत्या. लेसरजेट सिरीज टू आणि थ्रीमध्ये मेमरी वाढवायला त्याच प्रिंटरांसाठी बनवलेलं खास कार्ड लागायचं. लेसरजेट ४ ने संगणकात वापरली जाणारी ७२ पिनांची सिम पट्टी घेतली. प्रिंटरची मेमरी त्यामुळे खुल्या बाजारात आली.

तो बाजार शांत नव्हता. जुलै १९९३ मध्ये जपानच्या निहामा शहरातल्या सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपभोवतीच्या आवरणाला लागणाऱ्या इपॉक्सी रेझिनचा जगातला निम्म्याहून अधिक पुरवठा तिथून होत होता. मेमरीच्या किमती एकदम चढल्या. असल्या काळात प्रिंटर कमी मेमरीनिशी विकून वाढवण्याची वाट मोकळी ठेवणं शहाणपणाचं होतं. १९९४ साली आलेल्या लेसरजेट ४ प्लसने मिनिटाला १२ पानं दिली आणि पानाचा मजकूर मेमरीत दाबून बसवण्याचं तंत्रही दिलं. मुळात दोन एमबी, पण ६६ एमबीपर्यंत वाढवण्याची सोय त्यात होती.

मेमरी कमी पडली की हे प्रिंटर ते स्पष्ट सांगतात. पुढच्या छोट्या पडद्यावर दोन संदेश येतात आणि त्या दोघांत फरक आहे. ‘२० मेम ओव्हरफ्लो’ याचा अर्थ पाठवलेला मजकूर, फॉन्ट आणि चित्रं मिळून मेमरीत मावलीच नाहीत. ‘२१ प्रिंट ओव्हररन’ याचा अर्थ सामान मावलं, पण पान एवढं गुंतागुंतीचं होतं की पुढची पट्टी तयार होण्याआधी किरण तिथे पोचला. पहिल्यात जागा संपते, दुसऱ्यात वेळ. दोन्हीवर औषध मात्र एकच आहे. मेमरी पुरेशी असली की मेनूमध्ये पेज प्रोटेक्ट चालू करता येतं. मग प्रिंटर पूर्ण पानाएवढी जागा राखून ठेवतो, आधी सगळं पान तयार करतो आणि नंतरच कागद ओढतो. धावपळ संपते. अर्धं चित्र एका कागदावर आणि उरलेलं दुसऱ्यावर, हा जुन्या लेसर प्रिंटरचा ओळखीचा त्रासही बहुतेक वेळा इथेच थांबतो.

मराठी पानाची गरज

हा सगळा विचार इंग्रजी मजकूर डोळ्यांपुढे ठेवून झालेला होता. पानभर इंग्रजी पत्र छापताना अक्षरांचे आकार प्रिंटरच्या रॉममध्येच हजर असत आणि मेमरीवर जवळजवळ ताण येत नसे. देवनागरीचा एकही फॉन्ट तिथे नव्हता. मराठीचं प्रत्येक पान त्यामुळे मेमरीवर ओझं घेऊनच येत होतं.

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातलं डीटीपी उभं राहिलं ते पुण्यातल्या सी-डॅकच्या आयएसएम आणि पुण्यातल्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपी यांसारख्या सॉफ्टवेअरवर. त्यांचे फॉन्ट आठ बिटांचे होते, एका फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ जागा. त्यातच पूर्ण अक्षरं, अर्धी अक्षरं, काना-मात्रा, रफार आणि जमतील तेवढी जोडाक्षरं बसवलेली असत. पानावर दिसणारा एक शब्द बऱ्याचदा एकमेकांवर, एकमेकांखाली ठेवलेल्या तुकड्यांचा बनायचा. पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमधून असं पान पाठवलं की ड्रायव्हर दोनपैकी एक करायचा. एक तर वापरलेला फॉन्ट प्रिंटरच्या मेमरीत उतरवायचा, किंवा अक्षरं चित्र म्हणून पाठवायचा. दोन्ही वाटांनी मेमरीच खर्च होत होती.

आता लग्नपत्रिका डोळ्यांपुढे आणा. वर गणपतीचं रेखाचित्र, चारी बाजूंनी वेलबुट्टीची चौकट, वधूवरांची नावं एका वळणदार फॉन्टमध्ये, निमंत्रणाचा मजकूर दुसऱ्यात, आप्तेष्टांची नावं तिसऱ्यात बारीक अक्षरांत, आणि इंग्रजी पत्ता चौथ्यात. कार्यालयीन पत्राच्या मापाने दिलेल्या दोन एमबींना हे पान झेपणं कठीण होतं. दिवाळी अंकाच्या जाहिरातींचं पानही याच जातीचं. शिवाय छोट्या छापखान्यांसाठी डीटीपीवाले लेसर प्रिंटरवर थेट बटर पेपरची किंवा ट्रेसिंगची प्रत काढायचे, आणि तिच्यावरून ऑफसेटची प्लेट बनायची. ती प्रत अंतिम होती. तिच्यात अक्षराची कड खरबरीत आली की पुढच्या हजार प्रतींत ती तशीच जायची. ठिपके ३०० वर उतरवून वेळ मारून नेणं त्या कामात चालत नव्हतं.

प्रिंटरच्या मेमरीचं मोल त्यामुळे मराठी मुद्रणाच्या माणसाला लवकर कळलं. ६०० ठिपक्यांत आलेला नीट रफार आणि न तुटलेली वेलांटी यांचा संबंध त्या इवल्या सिम पट्टीशी होता. आज युनिकोड फॉन्ट आले, जोडाक्षरं संगणकातच जुळून येतात, तरी देवनागरीचा फॉन्ट जुन्या प्रिंटरच्या रॉममध्ये अजूनही नाही. तो आजही प्रत्येक वेळी बाहेरूनच जातो.

पट्टी निवडताना

मेमरी वाढवण्याआधी प्रिंटरचं स्वतःचं चाचणी पान काढावं. लेसरजेट ४ मध्ये ते मेनूतल्या सेल्फ टेस्टने निघतं, नंतरच्या मॉडेलांत त्याला कॉन्फिगरेशन पेज म्हणतात. एकूण किती मेमरी बसवलेली आहे ते त्यावर छापलेलं असतं. मागच्या मालकाने किंवा मेकॅनिकने आधीच वाढवून ठेवली असेल तर तेही तिथेच कळतं.

लेसरजेट ४ आणि ४ प्लसला ७२ पिनांची, ७० नॅनोसेकंद किंवा त्याहून वेगवान सिम लागते. ४८६ आणि सुरुवातीच्या पेंटियम संगणकांत हीच पट्टी असायची. पेंटियममध्ये ती जोडीने बसवावी लागे, कारण तिथला मार्ग ६४ बिटांचा आणि पट्टी ३२ बिटांची. या प्रिंटरला एकच पट्टी चालते. पण संगणकातून काढलेली कुठलीही पट्टी प्रिंटर ओळखेलच असं नाही. पट्टीच्या ६७ ते ७० क्रमांकाच्या पिना तिचं माप आणि वेग सांगण्यासाठी राखलेल्या असतात. त्यांना प्रेझेन्स डिटेक्ट म्हणतात. बरेच संगणक त्या न वाचता मेमरी स्वतः मोजून घेत, त्यामुळे काही उत्पादकांनी त्या पिना जोडल्याच नाहीत. प्रिंटर मात्र त्यांच्यावर विसंबतो. त्या कोऱ्या असतील तर पट्टी धडधाकट असूनही प्रिंटरला ती दिसत नाही, किंवा चुकीच्या मापाची दिसते. मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणी जुना माल विकणाऱ्याकडून पट्टी घेताना म्हणूनच दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात: प्रिंटरसाठी हवी आहे हे सांगावं, आणि नाही चालली तर बदलून मिळेल का हे विचारावं.

१९९७ च्या लेसरजेट ४००० पासून पट्टी बदलली. त्याला १०० पिनांची डिम लागते. ही पट्टी मुख्यतः प्रिंटरसाठीच बनली. संगणकातली डिम त्याच काळात १६८ पिनांची होती, ती इथे बसतच नाही. पुढे १०० पिनांच्या पट्ट्याही ईडीओ, एसडीरॅम आणि डीडीआर अशा वेगवेगळ्या जातींच्या निघाल्या. पिनांची संख्या सारखी दिसली म्हणून जात सारखी समजू नये. मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये जी जात दिली आहे तीच घ्यावी.

किती घ्यावी, याचं उत्तर पानाच्या हिशेबातच आहे. लेसरजेट ४ मध्ये मूळच्या दोन एमबींत चारची भर घातली की सहा होतात, आणि ६०० ठिपक्यांचं एक पूर्ण पान त्यात मावतं. पोस्टस्क्रिप्टसह विकल्या गेलेल्या ४एम या मॉडेलला कंपनीने सहाच एमबी दिले होते. आठची भर घालून दहा केले तर फॉन्टनाही ऐसपैस जागा मिळते, आणि पहिलं पान छापलं जात असताना दुसरं तयार होऊ शकतं. ४ प्लसला दोन्ही बाजूंनी छापणारं ड्युप्लेक्स जोडलेलं असेल तर ही वाढ विशेष उपयोगाची. लेसरजेट ४००० च्या साध्या मॉडेलमध्ये चार एमबी असतात, ३२ च्या तीन पट्ट्या लावून ते १०० पर्यंत नेता येतात. पण रोजच्या कामाला १६ ची एक पट्टी पुरेशी आहे. गरज भागल्यावर वर ओतलेली मेमरी नुसती पडून राहते.

बसवताना आणि नंतर

प्रिंटर बंद करून विजेची वायर भिंतीतून काढावी, संगणकाची केबलही सोडवावी. नुकतंच छापलं असेल तर फ्युझर निवेपर्यंत थांबावं. लेसरजेट ४००० मध्ये उजव्या बाजूचं आवरण मागे सरकवून काढलं आणि आतल्या पत्र्याच्या दाराचा स्क्रू सैल केला की मेमरीच्या खाचा समोर येतात. लेसरजेट ४ मध्ये आधी फॉरमॅटर बोर्डपर्यंत पोचावं लागतं. पान बनवणारा सगळा इलेक्ट्रॉनिक भाग या बोर्डावर असतो, आणि कागद ओढणाऱ्या, तापवणाऱ्या इंजिनापासून तो वेगळा आहे. घाई न करता ही रचना बघून घ्यावी. संगणकाशी बोलणारा मेंदू एकीकडे आणि छापणारे हात दुसरीकडे, असं हे यंत्र सरळ दोन भागांत मांडलेलं आहे.

पट्टीला हात लावण्याआधी प्रिंटरच्या उघड्या धातूला स्पर्श करून अंगावरची स्थिर वीज उतरवावी, आणि पट्टी नेहमी कडांनी धरावी. हिवाळ्यात, हवा कोरडी असताना याचं महत्त्व जास्त. सिम खाचेत तिरकी टेकवून मग उभी करायची असते, दोन्ही बाजूंच्या क्लिपा तिला धरतात. डिम सरळ खाली दाबायची. दोन्हींना खाच कापलेली असते, त्यामुळे त्या उलट्या बसत नाहीत. जोर लावावासा वाटला तर थांबून दिशा तपासावी. जुन्या पट्टीच्या पिना काळवंडल्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरड्या कराव्यात. आत टोनरची पूड सांडलेली दिसली तर कोरड्या मऊ कापडाने टिपावी. गरम पाणी लावू नये, उष्णतेने टोनर चिकटून बसतो.

प्रिंटर चालू करून पुन्हा चाचणी पान काढावं आणि वाढलेला आकडा बघावा. अनेक जण इथेच थांबतात आणि मग फरक पडला नाही म्हणतात. एक काम राहिलेलं असतं. विंडोजच्या प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये, डिव्हाइस सेटिंग्ज या पानावर, बऱ्याच लेसरजेट ड्रायव्हरांत प्रिंटर मेमरी अशी नोंद असते. तिथे जुना आकडा राहिला तर ड्रायव्हर जुन्याच मर्यादेत राहून काम करतो. नवा आकडा तिथे लिहावा. नंतर पेज प्रोटेक्ट एफोरला लावावं आणि जे पान आधी अडलं होतं तेच ६०० ठिपक्यांत पाठवून बघावं.

या कामाकडून काय मागू नये हेही सांगितलं पाहिजे. इंजिनाचा वेग यामुळे वाढत नाही. मिनिटाला आठ पानांचा लेसरजेट ४ आठच पानं देईल. फिकट छपाई टोनरची तक्रार आहे, अक्षरांची पुसट सावली फ्युझरची किंवा ड्रमची, आणि कागद अडकणं बहुधा झिजलेल्या रोलरची. मेमरी त्यातलं काही दुरुस्त करत नाही. मोठी चित्रं पॅरलल केबलमधून सावकाशच येतात. त्याला जेटडायरेक्ट हे नेटवर्क कार्ड हा चांगला उपाय आहे.

पान कुठे बनतं, हा प्रश्न

पुढच्या काळात स्वस्त लेसर प्रिंटरांनी दुसरा मार्ग धरला. आपल्याकडे वकिलांच्या कचेरीत, दवाखान्यात, झेरॉक्सच्या दुकानात वर्षानुवर्षं दिसलेले लेसरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० घ्या. दोन्हींत मेमरी दोनच एमबी, आणि ती वाढवायला खाच नाही. त्यांना ती लागतही नाही, कारण पान संगणक बनवतो. तयार ठिपके दाबून प्रिंटरकडे पाठवले जातात आणि प्रिंटर ते उमटवतो. यामुळे लेसर छपाई लहान व्यावसायिकाच्या आवाक्यात आली, आणि हे काम लहान नाही. १२ए टोनर भरून देणारा माणूस तालुक्याच्या गावातही मिळतो, तो याच प्रिंटरांमुळे.

पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. असा प्रिंटर त्याच्या ड्रायव्हरवाचून मुका असतो. संगणकाची प्रणाली बदलली आणि कंपनीने नवा ड्रायव्हर काढला नाही, की धडधाकट इंजिन, भरलेला टोनर आणि फिरणारे रोलर असूनही तो प्रिंटर निरुपयोगी होतो. लेसरजेट ४ ची गोष्ट वेगळी आहे. त्याला ह्यूलेट-पॅकार्डची पीसीएल ही छपाईची भाषा समजते, त्याच्या ४एम भावंडाला पोस्टस्क्रिप्टही समजतं, आणि पान तो स्वतः बनवतो. या दोन भाषा बोलणारा कुठलाही संगणक, विंडोज असो वा लिनक्स, साध्या सर्वसामान्य ड्रायव्हरने त्याच्याशी बोलू शकतो. तिशी ओलांडलेले लेसरजेट अजून चालतात त्यात मजबूत इंजिनाचा वाटा मोठा आहे. पण ते चालवून घेता येतात, याचं श्रेय त्यांच्या या स्वावलंबनाला आहे. आणि ते स्वावलंबन टिकतं मेमरीवर. पान स्वतः बनवायचं तर ते मांडायला स्वतःची जागा हवी.

मोकळ्या खाचा ठेवणाऱ्या अभियंत्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती. हे यंत्र विकत घेणाऱ्याचं काम वाढेल, बदलेल, आणि तेव्हा त्याला नवं यंत्र घ्यावं लागू नये. ग्राहकाबद्दलचा हा आदर मला फार मोलाचा वाटतो. तो आदर आपणही यंत्राला परत द्यावा. शाळेत, ग्रंथालयात, छोट्या छापखान्यात जुना लेसरजेट कोपऱ्यात पडला असेल आणि ‘मोठी फाइल घेत नाही’ एवढीच त्याची तक्रार असेल, तर तो भंगारात देण्याआधी त्याचं चाचणी पान काढा, मेमरीचा आकडा बघा आणि खाच मोकळी आहे का ते तपासा. असेल तर एक पट्टी आणा, बसवा, ड्रायव्हरला सांगा. आणि नवा प्रिंटर घ्यायला दुकानात जाल तेव्हा वेग आणि किमतीच्या आधी विचारा, की पान प्रिंटरमध्ये बनतं की संगणकात. तो प्रिंटर किती वर्षं तुमच्या हाती राहील, हे बरंचसं त्या उत्तरावरून ठरेल.